चेंडू नेमका कुठे पडेल? हवेशिवायचं गणित आणि हवेसकटचं गणित

भाची अकरावीला आहे. प्रक्षेप्य गतीची गणितं सोडवत बसली होती. सेकंदाला ३० मीटर वेगाने, ४५ अंशात फेकलेला चेंडू किती लांब जाईल? उत्तर आलं ९१.७ मीटर. तिने वही मिटली आणि म्हणाली, "मामा, आमच्या ग्राउंडवर कुणाचाच थ्रो एवढा जात नाही. मग हे कुणाचं उत्तर आहे?"

प्रश्न रास्त होता. उत्तर बरोबर होतं, पण ज्या जगाचं ते उत्तर होतं तिथे हवा नव्हती. प्रश्नाखाली बारीक अक्षरात लिहिलेलंच होतं, "हवेचा रोध दुर्लक्षित करा." हे वाक्य आपण इतक्यांदा वाचतो की ते केवढी मोठी गोष्ट बाजूला सारतंय हे लक्षातच येत नाही. क्रिकेटच्या चेंडूच्या बाबतीत ते जवळजवळ २८ मीटर बाजूला सारतं. टेनिस बॉलच्या बाबतीत निम्म्याहून जास्त.

हवेसकटचं गणित अकरावीच्या मुलाला जमतं. त्याला कलनशास्त्र लागत नाही. लागते एक स्प्रेडशीट, तासभर वेळ आणि एक गोष्ट नीट समजणं: हवा आली की आडवी गती आणि उभी गती एकमेकींपासून सुट्या राहत नाहीत. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी हवेशिवाय

हे झटपट करू, कारण ते बहुतेकांना येतं. पण ते वगळू नका, पुढे तक्ता तपासायला लागणार आहे.

सुरुवातीच्या वेगाचे दोन भाग करा. आडवा भाग म्हणजे वेग गुणिले कोसाइन, उभा भाग म्हणजे वेग गुणिले साइन. ३० मी/से आणि ४५ अंशाला दोन्ही २१.२१ मी/से येतात. आडव्या दिशेने काहीच बल नाही, म्हणून आडवा वेग शेवटपर्यंत २१.२१ राहतो. उभा वेग दर सेकंदाला ९.८१ ने कमी होतो. तो शून्यावर यायला २.१६ सेकंद लागतात आणि खाली यायला तेवढेच, एकूण ४.३२ सेकंद. तेवढ्या वेळात आडवं अंतर ९१.७ मीटर. सर्वांत जास्त उंची २२.९ मीटर.

वाट अन्वस्ताची (पॅराबोलाची) असते. चढण आणि उतरण आरशातल्यासारखी सारखी. ज्या वेगाने सोडला त्याच वेगाने, त्याच कोनात चेंडू जमिनीवर येतो. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात हे मांडलं. त्याआधी, १५३७ मध्ये, इटलीतल्याच तार्ताल्याने सर्वांत लांब पल्ला ४५ अंशाला मिळतो असं लिहून ठेवलं होतं. हवा आपला हिशेब बिघडवते हे गॅलिलिओला पक्कं ठाऊक होतं आणि त्याने ते त्याच ग्रंथात स्पष्ट लिहिलंय. ते बारकाईने मोजलं गेलं १७४२ च्या सुमारास, इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सकडून. त्याने बंदुकीची गोळी जड लंबकावर मारली आणि लंबक किती झुलला यावरून गोळीचा वेग काढला. गोळीवर हवेचा रोध तिच्या वजनाच्या कितीतरी पट असतो हे त्यातून समोर आलं.

हवा किती जोराने अडवते

चेंडूसारख्या वस्तूवर हवेचं बल असं काढतात:

बल = ½ × हवेची घनता × रोध गुणांक × छेदाचं क्षेत्रफळ × वेगाचा वर्ग

क्रिकेटच्या चेंडूसाठी आकडे घालू. वस्तुमान ०.१६ किलो (नियमाप्रमाणे १५५.९ ते १६३ ग्रॅम). परीघ साधारण २२.६ सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या ३.६ सेंटिमीटर आणि छेदाचं क्षेत्रफळ ०.००४०७ चौरस मीटर. तीस अंश तापमानाला समुद्रसपाटीजवळ हवेची घनता घनमीटरला सुमारे १.१६ किलो. रोध गुणांक चेंडूच्या पृष्ठभागावर आणि वेगावर अवलंबून असतो. आपण ०.४५ धरू.

वेग सोडून बाकी सगळं दर खेपेला सारखंच राहणार, म्हणून ते एकदाच गुणून वस्तुमानाने भागून ठेवा. उत्तर येतं ०.००६६. या आकड्याला मी 'क' म्हणतो. आता हवेमुळे येणारं त्वरण म्हणजे फक्त क × वेगाचा वर्ग, दिशा चेंडूच्या गतीच्या बरोबर उलट.

तीस मी/से वेगाला हे किती होतं ते बघा: ०.००६६ × ९०० = ५.९४. गुरुत्व ९.८१ आहे. म्हणजे हातातून सुटताक्षणी हवा चेंडूला गुरुत्वाच्या साठ टक्के जोराने मागे ओढतेय. आणि हे आपण दुर्लक्षित करत होतो!

कित्येक पुस्तकांत हवेचा रोध वेगाच्या वर्गाऐवजी नुसत्या वेगाच्या प्रमाणात घेतलेला दिसतो. कारण सरळ आहे, तसं घेतलं की कागदावर सूत्राने उत्तर निघतं. धुळीच्या कणाला, धुक्याच्या बारीक थेंबाला ते लागूही पडतं. पण चेंडूमागे हवा भोवऱ्यांनी ढवळून निघते, तिथे वर्गच घ्यावा लागतो. सोपं म्हणून चुकीचं सूत्र घेऊ नका.

सगळ्यांची होणारी चूक

हवेशिवायच्या गणितात आपल्याला एक सवय लागलेली असते: आडवं वेगळं, उभं वेगळं. त्या सवयीने पहिल्यांदा जवळजवळ प्रत्येकजण असं लिहितो:

आडवं त्वरण = −क × (आडवा वेग)²
उभं त्वरण = −९.८१ − क × (उभा वेग)²

हे चूक आहे. भाचीनेही हेच लिहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिच्या वयात मीही. हवेला आडवं-उभं कळत नाही. तिला चेंडूचा पूर्ण वेग कळतो. बल पूर्ण वेगाच्या वर्गाइतकं असतं, आणि त्याचा आडवा वाटा काढायचा तर आडवा वेग भागिले पूर्ण वेग याने गुणावं लागतं. एक वेग कटतो आणि उरतं:

आडवं त्वरण = −क × पूर्ण वेग × आडवा वेग
उभं त्वरण = −९.८१ − क × पूर्ण वेग × उभा वेग

पूर्ण वेग म्हणजे आडव्याचा वर्ग अधिक उभ्याचा वर्ग, त्याचं वर्गमूळ. इथेच दोघांची गाठ पडते. चेंडू उंच फेकला की उभा वेग वाढतो, त्यामुळे पूर्ण वेग वाढतो, आणि म्हणून आडव्या दिशेचीही अडवणूक वाढते. चुकीच्या सूत्राने सुरुवातीचं आडवं त्वरण −२.९७ येतं, बरोबर सूत्राने −४.२०. फरक लहान नाही.

चुकीच्या सूत्रात आणखी एक गोम आहे. चेंडू खाली येताना हवा त्याला वर ढकलायला हवी, पण वर्ग नेहमी धन असल्यामुळे ते सूत्र खाली येतानाही खालीच ओढत राहतं. बरोबर सूत्रात उभा वेग ऋण झाला की चिन्ह आपोआप बदलतं.

या दोन समीकरणांना 'पल्ला बरोबर इतका' असं एका ओळीचं साधं सूत्र नाही. म्हणून आपण चेंडूबरोबर पावला-पावलाने चालायचं.

तक्ता मांडणं

स्प्रेडशीटमध्ये वर एका कोपऱ्यात क, गुरुत्व आणि वेळेचं पाऊल (०.१ सेकंद) लिहून ठेवा. हे आकडे सूत्रात हाताने घालू नका, या चौकोनांचा संदर्भ द्या. नाहीतर पुढे क बदलताना शंभर ओळी बदलत बसाल.

मग आठ स्तंभ: वेळ, आडवं अंतर, उंची, आडवा वेग, उभा वेग, पूर्ण वेग, आडवं त्वरण, उभं त्वरण.

पहिल्या ओळीत वेळ, अंतर, उंची शून्य आणि दोन्ही वेग २१.२१३. पूर्ण वेग आणि दोन त्वरणं वरच्या सूत्रांनी. दुसऱ्या ओळीपासून:

नवा वेग = जुना वेग + जुनं त्वरण × ०.१
नवं अंतर = जुनं अंतर + (जुना वेग + नवा वेग) ÷ २ × ०.१

आडव्या आणि उभ्या दोन्हीसाठी हेच. अंतरात जुन्या-नव्या वेगाची सरासरी घेतलीय ती मुद्दाम, कारण नुसता जुना वेग घेतला तर चूक बरीच साचते. पहिल्या तीन ओळी अशा यायला हव्यात:

| वेळ | अंतर | उंची | आडवा वेग | उभा वेग | पूर्ण वेग | आडवं त्वरण | उभं त्वरण |
|---|---|---|---|---|---|---|---|
| ० | ० | ० | २१.२१ | २१.२१ | ३०.०० | −४.२० | −१४.०१ |
| ०.१ | २.१० | २.०५ | २०.७९ | १९.८१ | २८.७२ | −३.९४ | −१३.५७ |
| ०.२ | ४.१६ | ३.९६ | २०.४० | १८.४६ | २७.५१ | −३.७० | −१३.१६ |

तुमच्या ओळी जुळल्या की दुसरी ओळ निवडून खाली ओढा, उंची ऋण होईपर्यंत. साधारण चाळीस ओळी लागतात. ज्या दोन ओळींमध्ये उंची धनाची ऋण झाली त्यांच्या मधे कुठेतरी चेंडू पडला.

पण अजून त्या उत्तरावर विश्वास ठेवू नका. आधी क च्या चौकोनात शून्य घाला. आता तक्त्याने ९१.७ मीटर आणि २२.९ मीटर उंचीच दाखवली पाहिजे, कारण ती उत्तरं आपण सूत्राने काढलेली आहेत. नाही जुळली तर कुठेतरी चिन्ह चुकलंय किंवा साइन-कोसाइनला अंश दिलेत. स्प्रेडशीटला कोन रेडियनमध्ये लागतो! हा एक घोळ जितक्यांचा वेळ खातो तितका दुसरा कुठलाच नाही.

नंतर क परत ०.००६६ करा आणि पाऊल ०.१ वरून ०.०१ करून बघा. ओळी चारशेच्या आसपास होतील, पण उत्तर फार हललं नाही तर समजा की पाऊल पुरेसं बारीक आहे.

तक्ता काय सांगतो

पल्ला ९१.७ वरून सुमारे ६३.८ मीटरवर येतो. उंची २२.९ वरून १८.६ मीटर. हवेतला वेळ ४.३२ वरून ३.८९ सेकंद.

मला जास्त आवडतो तो वाटेचा आकार. आरसा फुटतो. चेंडू वर चढायला १.८६ सेकंद घेतो आणि उतरायला २.०३. सर्वांत उंच जागा पल्ल्याच्या मध्यावर, म्हणजे ३१.९ वर असायला हवी होती, ती ३४.३ मीटरवर सरकते. जमिनीवर येताना वेग ३० ऐवजी २१.७ उरतो, आणि कोन ४५ ऐवजी जवळजवळ ५४ अंश होतो. उंच उडालेला झेल घ्यायला सीमारेषेवर उभ्या राहिलेल्या कुणालाही विचारा, चेंडू शेवटी अंगावर कोसळल्यासारखा येतो. हे त्याचं कारण: आडवा वेग सतत खर्च होत असतो आणि त्याला भर घालणारं कुणी नसतं, उभ्या वेगाला मात्र गुरुत्व खाली पुन्हा भरून देतं.

आता कोन ४० अंश करा. पल्ला ६३.९ मीटर! म्हणजे ४५ अंशाइतकाच, कणभर जास्तच. सर्वांत लांब पल्ल्याचा कोन या दोन्हींच्या मधे कुठेतरी आलाय. पण वेळ बघा: ४५ अंशाला ३.८९ सेकंद, ४० अंशाला ३.५६. पल्ला तोच आणि चेंडू एक तृतीयांश सेकंद आधी पोचतो. तेवढ्यात धावणारा फलंदाज दोनेक मीटर कापतो. प्रशिक्षक सीमारेषेवरच्या मुलांना "फ्लॅट टाक, फ्लॅट" असं ओरडतात त्यामागे हा हिशेब आहे.

हलका चेंडू, आणि शटल

टेनिस बॉलचं वस्तुमान ५८ ग्रॅमच्या आसपास, त्रिज्या ३.३५ सेंटिमीटर, लोकरीसारख्या आवरणामुळे रोध गुणांक जरा जास्त, ०.५५ धरू. क येतो ०.०१९५, क्रिकेटच्या चेंडूच्या जवळजवळ तिप्पट. आकार सारखाच, वजन मात्र एक तृतीयांश: सगळा खेळ त्यात आहे. तेच ३० मी/से, तेच ४५ अंश घातले की पल्ला ४२ मीटर. पुस्तकी उत्तराच्या निम्म्याहून कमी. गल्ली क्रिकेटमध्ये पूर्ण ताकदीने मारलेला टेनिस बॉल हवेत थांबल्यासारखा वाटून तिथेच खाली येतो, ते यामुळे.

क कळला की आणखी एक गोष्ट फुकट मिळते. चेंडू उंचावरून नुसता सोडला तर ज्या वेगाला हवेचा रोध आणि वजन सारखं होतं, तो वेग म्हणजे ९.८१ भागिले क, त्याचं वर्गमूळ. क्रिकेटचा चेंडू: ३८.६ मी/से. टेनिस बॉल: २२.४.

बॅडमिंटनचं शटल: साधारण ६.८. खेळाचे सुरुवातीचे नियम १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीत बांधले गेले आणि काही काळ खेळाला 'पूना' असंच म्हणत, त्या खेळाचा अख्खा स्वभाव या ६.८ मध्ये आहे. उलट गणित केलं तर शटलचा क येतो ०.२१. तीस मी/से वेगाने मारलेल्या शटलवर पहिल्या क्षणी गुरुत्वाच्या एकोणीस पट रोध असतो. म्हणून स्मॅश रॅकेटवरून सुटताना डोळ्याला दिसत नाही आणि तेच शटल पलीकडच्या कोर्टात पोचेपर्यंत उचलता येण्याजोगं होतं. शटलसाठी पाऊल ०.१ ठेवू नका, तक्ता वेडीवाकडी उत्तरं देईल. ०.००२ किंवा त्याहून बारीक घ्या.

वारा, उंची, हवामान

समोरून वारा असेल तर त्वरणाच्या सूत्रात आडव्या वेगात वाऱ्याचा वेग मिळवा, पूर्ण वेग काढतानाही. अंतराच्या सूत्रात मिळवू नका, तिथे जमिनीच्या मानाने असलेलाच वेग लागतो. मुंबईत समुद्राजवळच्या मैदानांवर दुपारी खारा वारा सुटतो. तो समोरून सेकंदाला ५ मीटर असेल तर आपल्या क्रिकेटच्या चेंडूचं सुरुवातीचं आडवं त्वरण −४.२० वरून −५.८३ होतं.

हात जमिनीपासून दोनेक मीटर उंच असतो. पहिल्या ओळीत उंची शून्याऐवजी २ लिहा. पल्ला दीडेक मीटरने वाढतो.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास. तिथे हवा सुमारे १२ टक्के विरळ, क तेवढ्याने कमी, आणि आपला ६४ मीटरचा थ्रो दोन-अडीच मीटर पुढे जातो. दमट हवेबद्दल मात्र बहुतेकांचा समज उलटा असतो. पाण्याची वाफ नायट्रोजन-ऑक्सिजनपेक्षा हलकी, त्यामुळे दमट हवा त्याच तापमानाच्या कोरड्या हवेपेक्षा किंचित विरळ असते. चेंडू 'जड हवेत अडकत' नाही.

गिरकी मी या तक्त्यात घेतलेली नाही. उलट फिरणाऱ्या चेंडूला हवा थोडी उचलून धरते, आणि तो परिणाम थ्रोमध्ये खराखुरा असतो. पण आधी एवढं पक्कं जमू द्या.

मैदानावर तपासणं

आम्ही तपासलं. लागलं एवढंच: एक फोन, एक स्टंप, एक लांब टेप आणि भाचीचा एक मित्र, ज्याचा हात बरा आहे.

फोन बाजूला दहा-बारा मीटरवर, फेकण्याच्या रेषेला काटकोनात, स्टँडवर. हातात धरलेला चालत नाही. स्लो मोशन सेकंदाला २४० चित्रांवर. स्टंप बरोबर फेकण्याच्या रेषेत रोवायचा, फोनच्या जवळही नाही आणि पलीकडेही नाही, कारण तोच आपली मोजपट्टी आहे: जमिनीवर ७१.१ सेंटिमीटर. पहिल्या खेपेला आमचा स्टंप फोनच्या बाजूला मीटरभर सरकलेला होता आणि वेग कमी मोजला गेला. जवळचा स्टंप मोठा दिसतो, मग चेंडूचं अंतर लहान वाटतं.

चेंडू हातातून सुटल्यावरची सहा चित्रं मोजा. तेवढ्यात तो आडवा किती सरकला आणि वर किती गेला हे पडद्यावर स्टंपच्या पटीत मोजा. सहा चित्रं म्हणजे सेकंदाचा चाळिसावा भाग. अंतराला चाळीसने गुणलं की वेग. उभा वेग भागिले आडवा वेग, त्यावरून कोन.

मित्राच्या टेनिस बॉलच्या थ्रोचा वेग आला २२ मी/से, कोन ४० अंश, हाताची उंची १.८ मीटर. हवेशिवायचं सूत्र म्हणालं ५०.६ मीटर. तक्ता म्हणाला ३१.०. मित्राने फेकला, भाची टेपचं टोक धरून पळाली, आणि तिने ओरडून आकडा सांगितला: ३२ मीटर ४० सेंटिमीटर.

पुढचे थ्रोही तक्त्यापेक्षा मीटर-दीड मीटर पुढेच पडत होते. बॉल हातात घेऊन बघितला तर जुना, लोकर बरीचशी झडून गुळगुळीत झालेला. लोकरच हवा अडवते, मग ०.५५ हा गुणांक या बॉलला जास्तच होणार. भाचीने तिथेच फोनवर तक्ता उघडला आणि गुणांक थोडा थोडा खाली आणत गेली, पल्ला टेपशी जुळेपर्यंत.

पण जुळला म्हणून लगेच तो आकडा वहीत लिहू नका. पाठीमागून हलका वारा असला तरी पल्ला असाच वाढतो. त्याच माणसाला मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून उलट्या दिशेला तेवढेच थ्रो टाकायला लावा. दोन्हीकडे पल्ला जास्त आला तर कारण बॉलमध्ये. एकीकडे जास्त आणि दुसरीकडे कमी आला तर वाऱ्यात.